मदत हवी आहे: एनएसलुकअपमध्ये नवा पत्ता येतोय, पण वेबसाइट जुनीच उघडतेय

आंबेवाला_देवगड
नमस्कार मंडळी, अर्जंट आहे. आमची हापूसच्या ऑर्डरी घ्यायची वेबसाइट चार दिवसांपूर्वी नव्या होस्टिंगवर हलवली, तरी अजून जुनीच उघडतेय, गेल्या वर्षीच्या दरांसकट. काउंटरवरचा पोरगा तेच बघून फोनवर भाव सांगतो, काल दोन गिऱ्हाइकांना पाच डझनाची पेटी जुन्या भावाने द्यावी लागली. होस्टिंगवाल्यांनी सांगितलं म्हणून एनएसलुकअप (साइटच्या नावामागचा पत्ता विचारायची कमांड) मारलं तर पत्ता नवाच येतोय, पण वर 'नॉन-ऑथॉरिटेटिव्ह आन्सर' असं काहीतरी येतंय. ही एरर कशी काढायची? ब्राउझरची कॅश क्लिअर करून झालीय, ते परत सांगू नका. सीझनचे तीन आठवडे उरलेत.

निवांत_नागपूर
थांबा जरा. प्रोपगेशनला, म्हणजे बदल सगळीकडे पोचायला, ४८ तास लागतातच, माझ्या भावाच्या साइटला तीन दिवस लागले होते.

आंबेवाला_देवगड
चार दिवस झालेत, वर लिहिलंय.

केबलकाका
राउटरमध्ये जा आणि डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) ८.८.८.८ टाका, दुसरा १.१.१.१. मी इतकी वर्षं कनेक्शनं जोडतोय, पहिलं काम हेच करतो. आणि वायफाय स्लो असेल तर चॅनेल १, ६ किंवा ११ ठेवा.

टर्मिनलताई
काका, वायफाय स्लो आहे असं कुणी म्हटलंच नाहीये.
आंबेवाले दादा, ती एरर नाही. उत्तर तुमच्या डोमेनच्या मूळ नेमसर्व्हरकडून, म्हणजे जिथे तुमची नोंद ठेवलेली असते तिथून, न येता मधल्या सर्व्हरच्या साठ्यातून आलंय, एवढाच त्याचा अर्थ, रोजच्या वापरात बहुतेक वेळा तसंच दिसतं. आता हे सांगा: विंडोज की दुसरं काही? मोबाइलवर काय उघडतं? नेमसर्व्हर बदलले की फक्त ए रेकॉर्ड, म्हणजे नावापुढचा पत्ता? आणि त्याच कॉम्प्युटरवर पिंग (सर्व्हरला हाक मारायची कमांड) मारून कुठला पत्ता येतो?

आंबेवाला_देवगड
विंडोज १०. फक्त ए रेकॉर्ड बदलला, टीटीएल (पत्ता किती सेकंद साठवून ठेवायचा तो आकडा) १४४०० दिसतोय. मोबाइलवर नवी उघडते, घरी बायकोच्या लॅपटॉपवर पण नवीच. जुनी फक्त काउंटरच्या कॉम्प्युटरवर.

टर्मिनलताई
अहो, हेच आधी सांगायला हवं होतं! मोबाइल दुकानाच्या वायफायवर होता का डेटावर? पिंगचं राहिलं बघा.

लिनक्सवाला_ठाणे
एनएसलुकअप कशाला वापरता, त्याच कामाची डिग कमांड वापरा. टीटीएल, कुठल्या सर्व्हरने उत्तर दिलं, सगळं एका नजरेत दिसतं. विंडोजवर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) उबुंटू लिनक्स टाका, त्यात डीएनएसयुटिल्स इन्स्टॉल करा, डिग त्यातच येतं, झालं.
आणि ते ४८ तास सरसकट सगळीकडे चिकटवू नका. डॉट कॉमच्या रजिस्ट्रीत नेमसर्व्हरचा टीटीएल १७२८०० सेकंद असतो, म्हणजे ४८ तास, पण तो नेमसर्व्हर बदलले तर. इथे ए रेकॉर्डचा १४४०० आहे, चार तासांत विषय संपायला हवा होता.

निवांत_नागपूर
मग भावाला तीन दिवस का लागले? अनुभव खोटा का?

लिनक्सवाला_ठाणे
त्याने नेमसर्व्हर बदलले असतील. टीटीएल किती होता सांगा, मग बोलू.

डोमेनदादा
हूइज (डोमेनची नोंदणी बघायची सोय) करून एक्सपायरी बघितली का? आता त्याच्या जागी आरडीएपी वापरायचं हं, २८ जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या डोमेनना हूइज ठेवणं बंधनकारक राहिलेलं नाही.

टर्मिनलताई
डोमेन एक्सपायर असतं तर मोबाइलवर नवी साइट उघडली असती का?
ठाणेकर, आंबे पाठवायच्या दिवसांत माणसाला उबुंटू टाकायला लावू नका. शिवाय डिगसुद्धा डीएनएस सर्व्हरलाच विचारतं.

आंबेवाला_देवगड
मोबाइल दुकानाच्याच वायफायवर होता. पिंग मारलं, १९८.५१.१००.२४ येतंय, हा जुना सर्व्हर! (आकडे बदलून लिहिलेत.) एनएसलुकअप नवा सांगतं आणि पिंग जुना, एकाच मशीनवर, असं कसं?

टर्मिनलताई
सापडलं बहुतेक. एनएसलुकअप थेट डीएनएस सर्व्हरला विचारतं, मशीनमधली होस्ट्स फाइल (नावं आणि पत्ते हाताने लिहून ठेवायची यादी) ते बघतच नाही. पिंग आणि ब्राउझर मात्र ती फाइल मानतात, तिच्यात नाव सापडलं की सर्व्हरला विचारत नाहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर कुणीतरी जुना फोन नंबर लिहून ठेवावा तसं झालंय. सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टीम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी, त्यात होस्ट्स नावाची फाइल. त्यात तुमच्या डोमेनचं नाव आहे का बघा.

निवांत_नागपूर
आयपीकॉन्फिग स्लॅश फ्लशडीएनएस (साठवलेले पत्ते पुसायची कमांड) मारलं की पुरे ना?

टर्मिनलताई
नाही. होस्ट्समधली ओळ विंडोज परत उचलतं. फाइलच दुरुस्त करावी लागेल.

आंबेवाला_देवगड
आहे, ओळ आहे!! गेल्या वर्षी साइट बनवणाऱ्या मुलाने डोमेन जोडायच्या आधी आम्हाला दाखवायला याच मशीनवर काहीतरी केलं होतं. पण ओळ खोडली तर सेव्ह होत नाहीये, परमिशन नाही म्हणतं.

टर्मिनलताई
नोटपॅडवर राइट क्लिक, रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर, मग त्यातून फाइल उघडा. ओळ खोडू नका, तिच्या सुरुवातीला # लावा, म्हणजे विंडोज ती ओळ वाचणार नाही. सेव्ह करताना मागे डॉट टीएक्सटी चिकटू देऊ नका.

आंबेवाला_देवगड
झालं ताई! आधी पिंग नवा पत्ता दाखवायला लागलं तरी ब्राउझरमध्ये जुनीच येत होती, परत फाइल उघडली तर खाली डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवाली वेगळी ओळ होती, तिलाही # लावला आणि ब्राउझर बंद करून उघडला. आता नवे दर दिसतायत, पोराला काउंटरवर बसवून खात्री करून घेतली. फार मोठं काम झालं, मनापासून आभार.

केबलकाका
तरी ८.८.८.८ टाकून ठेवा.

निवांत_नागपूर
नागपूरला पेटी पाठवता का? पिकलेली नको, आढीत घालायला कच्ची हवी.