घोडीच्या रिपोर्टात सगळंच 'लो' आलंय, कोणी समजावून सांगेल का?

पाखरीवाला (ता. लोहा)
राम राम मंडळी. मपली घोडी पाखरी, नुकरी म्हंजी पांढरी, सात वर्षांची. माळेगावच्या यात्रेतून आणली तेव्हापासून वरातीला तीच. पोळ्यापासून तिचं बिनसलंय. दोन दिवस ताप, मग चार दिवस ठणठणीत, परत ताप. हरभरा खाती, कडबा खाती, तरी बरगड्या मोजून घ्या. मागचे पाय सुजलेत. पोटाखाली बोट दाबलं की खड्डा पडतो अन् तसाच राहतो.

डॉक्टरांनी मानेतून दोन नळ्या रक्त काढलं. जवळ माणसांचीच लॅब, तिथं दिलं. हिमोग्लोबिन ७.१, पीसीव्ही २१, एमसीव्ही ४६, प्लेटलेट १ लाख १८ हजार, बिलिरुबिन २.३. सगळ्यापुढं जाड ठशात लो नाहीतर हाय. स्लाइडवर 'जंतू आढळले नाहीत'. लॅबवाला म्हणला कावीळ हाय अन् लोह कमी. मेडिकलमधून टॉनिक आणलं. आमचे डॉक्टर परवा येणार, तवर जीव थाऱ्यावर नाही. तुळशीच्या लग्नानंतरच्या वरातींच्या सहा सुपाऱ्या घेऊन बसलोय.

कंधारी गडी
दादा, गुळवेल उकळून पाजा. अन् कावीळ उतरवणारा आमच्याकडं एकजण हाय, सांगा तर पत्ता देतो.

गुरांचा डॉक्टर, परभणी
पाखरीवाले, टॉनिक बंद करा. रिपोर्टात छापलेली नॉर्मल रेंज माणसाची आहे. घोड्याच्या तांबड्या पेशी मुळातच आपल्यापेक्षा लहान. माणसात एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार, ८० च्या खाली गेला की लोह कमी म्हणतात, घोड्यात ४६ अगदी बरोबर. प्लेटलेटही घोड्यात लाखाच्या वर असल्या की चालतं. बिलिरुबिन घोड्याचं निरोगी असतानाही आपल्यापेक्षा जास्त, अन् दोन दिवस चारा सोडला तरी आणखी वर चढतं. नुसत्या २.३ वरून कावीळ म्हणता येत नाही.

खरी काळजी पीसीव्हीची, म्हणजे रक्तात तांबड्या पेशी किती टक्के त्याची. घोड्यात ३२ च्या वर हवा, तुमचा २१. हिमोग्लोबिन त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढं, ७.१, म्हणजे लॅबची मोजणी चुकलेली नाही. रक्त खरंच कमी आहे. खालची पापणी ओढून पाहा, पांढरी दिसेल.

येऊन-जाऊन ताप, खाऊनही हाडं वर, पायाला-पोटाला सूज, हे मला सर्ऱ्यासारखं वाटतं, म्हणजे माशीच्या चाव्यातून रक्तात जंतू शिरून होणारा रोग. स्लाइड निल आली म्हणून तो नाही असं नाही. ताप नसताना ते जंतू रक्तात फार थोडे असतात. ताप चढलेला असतानाच, इंजेक्शनाच्या आधी, ताजा थेंब बघायला हवा. लघवी कॉफीसारखी होते का? गोचिडं आहेत का? तसं असेल तर बबेसिया, म्हणजे गोचिडातून येणारा रक्तातला दुसरा जंतूही असू शकतो, त्याचं औषध वेगळं. म्हणून अंदाजानं सुई टोचून घेऊ नका. नाकातून पिवळा घट्ट शेंबूड किंवा अंगावर फुटणाऱ्या गाठी असतील तर मात्र तिला वेगळी बांधा, उघड्या हातानं हात लावू नका अन् आजच कळवा. ही ग्लँडर्स या घोड्याच्या संसर्गरोगाची लक्षणं, अन् तो माणसालाही होतो.

जुना मोतद्दार
शेजारी म्हशी हायत का? म्हशीला सर्रा असून कळत नाही, चरती, दूध देती. गोमाशी तिला चावून उठती अन् घोड्यावर बसती. आमचा कुमेत घोडा असाच गेला. सांजेला धूर करा.

पाखरीवाला (ता. लोहा)
शेंबूड नाही, गाठी नाहीत, लघवी पिवळीच. आज पहाटे पाचला थर्मामीटर लावलं, १०४.२. आमच्या डॉक्टरांना फोन केला, ते रातीच परतले होते, अंधारातच आले. कानाच्या टोकातून थेंब घेतला अन् दवाखान्यात मायक्रोस्कोपखाली धरला. मलाबी दाखवलं. तांबड्या पेशींच्या मधल्या जागेत बारीक दोरा वळवळायलाय, पेशी ढकलत चाललाय. सर्राच.

सर्ऱ्यावरच्या औषधाची, क्विनापायरामीनची सुई दिली. टोचल्या जागी सूज येईल म्हणले, ती आली. दोन आठवड्यांनी परत पीसीव्ही करायचा, अन् वरात तवर बंद. चार सुपाऱ्या माघारी दिल्या, दोघं थांबतो म्हणले.

मोतद्दार काका, म्हशी हायत, शेजाऱ्याच्या, ठाणापासून वीस पावलांवर. रक्त तपासा म्हणलं तर बाई अंगावर आली, 'बारा लिटर दूध देणारी म्हैस तुमच्या घोडीपायी आजारी कामून ठरवता?' डॉक्टरसाहेब, त्यांना कसं समजावू?