शब्दचर्चा : ‘गेन’ला ‘आवाज’ म्हणू नये, मग काय म्हणावं?

पर्वरीहून (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. घराच्या गच्चीवर मी एक रेडिओ ग्राही (रिसीव्हर) बसवला आहे. आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला खोचायचा छोटा रेडिओ), रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) आणि त्यावर ओपनवेबआरएक्स (हा रेडिओ ब्राउझरमध्ये ऐकवणारं सॉफ्टवेअर). ब्राउझर उघडला की घरबसल्या कुणालाही ऐकता येतं. नात्यातल्या आणि ओळखीतल्या काही वयस्कर मंडळींना याची गोडी लागली, म्हणून त्यांच्यासाठी मराठीत एक पान लिहिलं. काय कुठे दाबायचं, बिघडलं तर आधी काय बघायचं, असं. त्यात एक वाक्य होतं : ‘आवाज बारीक येत असेल तर आवाज वाढवा.’

मी चार दिवस मुंबईला होतो. ॲडमिनचा पासवर्ड भाच्याकडे होता. कुणीतरी त्याला फोन केला की १४५ मेगाहर्ट्झवर काही नीट ऐकू येत नाही, फार बारीक आहे. त्याने पान वाचलं, सेटिंगमध्ये गेला आणि डोंगलचा गेन थेट शेवटाला, ४९.६ डेसिबलवर नेऊन ठेवला. त्यानंतर हॅम मंडळी (हौसेखातर रेडिओवर बोलणारे) जिथे बोलतात तिथे सिनेमाच्या गाण्यांचे फाटके तुकडे येऊ लागले आणि खरं बोलणं त्याखाली गाडलं गेलं. मी फोनवर विचारलं तर म्हणाला, “मामा, तुम्हीच लिहिलंय ना, आवाज वाढवा म्हणून?”

त्याचं काही चुकलं नव्हतं. चूक माझ्या शब्दाची. आवाज ही ऐकणाऱ्याच्या फोनमधली गोष्ट, ती त्याने वाढवली तर त्याच्यापुरती वाढते. गेन ही गच्चीवरची गोष्ट. संकेताचे आकडे होण्याआधीच तो किती मोठा करायचा हे तिथे ठरतं, आणि जे ठरतं ते ऐकणाऱ्या सगळ्यांसाठी ठरतं. हे डोंगल ८ बिटांचं, म्हणजे त्याच्या मापपट्टीवर २५६ खुणा. पर्वरीच्या पठारावर ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमधल्या एफएम केंद्रांचा जोर इतका आहे की गेन फार चढवला तर डोंगलचा पुढचा भागच गुदमरतो, आणि जिथे काहीच नाही तिथे गाण्यांची भुतं उभी राहतात.

मला असा मराठी शब्द हवा आहे की जो वाचून हात चुकीच्या ठिकाणी जाणार नाही. सुचवा.

पुण्याहून

शब्द तयार आहे. मराठी विश्वकोशात ॲम्प्लिफायरला ‘विवर्धक’ म्हटलं आहे, म्हणून गेन म्हणजे ‘विवर्धन’. ग्राही, प्रेषक, कंप्रता हे शब्दही तिथे सापडतील. नवे शब्द पाडण्याआधी जुने वापरून तर पाहूया.

फोंड्याहून

विवर्धन बरोबर आहे, पण पडद्यावर ‘गेन’ लिहिलेलं असताना पानावर ‘विवर्धन’ लिहिलं तर माणूस विवर्धन नावाचं बटण शोधत बसेल. कंप्रतेचंही तेच. आमच्या शाळेच्या पुस्तकात ‘वारंवारता’ होती, विश्वकोशात ‘कंप्रता’ आहे, आणि बाजारात सगळे ‘फ्रिक्वेन्सी’ म्हणतात. बटणावरचं नाव जसंच्या तसं ठेवावं आणि ते काय करतं हे मराठीत सांगावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट मात्र पानावर नक्की घाला, कारण मी तिच्यापायी अख्खा रविवार घालवला. ७ मेगाहर्ट्झ ऐकायला डोंगल डायरेक्ट सॅम्पलिंगमध्ये टाकलं (म्हणजे अँटेनाचा संकेत थेट आकडे करणाऱ्या भागाला दिला) की ट्यूनर, म्हणजे गेन असलेला पुढचा भाग, बाजूला पडतो. मग गेनचा आकडा कितीही फिरवा, ढिम्म फरक पडत नाही. मला वाटलं डोंगल गेलं. ते ठणठणीत होतं, मी ज्या खुंटीला पिळत होतो तिला तारच जोडलेली नव्हती. शिवाय त्या अवस्थेत १४.४ मेगाहर्ट्झच्या पलीकडचं आरशासारखं उलटून अलीकडे दिसतं, तेव्हा त्या रेषेजवळ काही विचित्र दिसलं तर घाबरू नका.

आणि लिंगाचं काय? मी ‘गेन वाढवला’ म्हणतो, आमच्या घरातले ‘गेन वाढवली’ म्हणतात. मूळ प्रश्नात ‘वाढवला’ दिसतंय, मला तेच बरं वाटतं.

दिवाडीहून

‘उचल’ कसा वाटतो? मजूर मालकाकडून घेतो ती उचल सगळ्यांना ठाऊक आहे, पण मूळ अर्थ उचलण्याचाच. गेन नेमकं तेच करतो. आलेलं सगळं उचलतो, बोलणंही आणि खरखरही. ‘आवाज’ म्हटलं की फक्त हवं ते मोठं होईल असं वाटतं. ‘उचल’ म्हटलं की नको ते पण वर येणार हे शब्दातच कळतं.

स्क्वेल्चसाठी (नुसती खरखर असताना आवाज बंद ठेवणारी पट्टी) मला आमची गोव्याची मानस आठवते. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेताच्या, बांधातलं लाकडी दार. भरती चढली की पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतं, ओहोटी लागली की आपोआप उघडतं, कुणी उभं राहावं लागत नाही. स्क्वेल्चही असाच एका पातळीवर उघडतो-मिटतो.

फोंड्याहून

मानस सुरेख आहे, पण उलटी आहे. मानशीचं दार पाणी चढलं की बंद होतं. स्क्वेल्चचं दार संकेत चढला की उघडतं. गोंयकार वाचेल तो नेमका उलटं समजेल आणि पट्टी नको त्या टोकाला नेईल.

दिवाडीहून

मान्य. मग ‘उंबरठा’ म्हणूया. उंबरठ्याच्या वर पाऊल पडेल तेच आत येईल. उंबरठा फार उंच केला तर बारीक आवाजाचा माणूस बाहेरच राहील, आणि ऐकणाऱ्याला वाटेल की रेडिओच बंद आहे. ‘काहीच ऐकू येत नाही’ अशी तक्रार आली की मी आधी उंबरठा खाली करायला सांगतो. दुसरी शंका त्या सुरुवातीच्या मोठ्या बटणाची. ओपनवेबआरएक्सचं पान उघडल्यावर ते दाबल्याशिवाय ब्राउझर आवाज सोडतच नाही.

मडगावहून

गेनवरून गाडी पुढे नेतो, कारण माझ्या मते खरी अडचण ‘नॉइज’ या शब्दाची आहे. तुमच्या पानात सगळीकडे ‘आवाज’ आहे : हवा तोही आवाज, नको तोही आवाज. इंग्रजीत नको असलेल्या सगळ्याला एकच नॉइज म्हणून भागतं. मराठीत आपल्याकडे घरचे केवढे शब्द आहेत, आणि प्रत्येक शब्द वेगळ्या बिघाडाकडे बोट दाखवतो.

खरखर म्हणजे सगळीकडे सारखी पसरलेली. ती थोडी असणारच, तिची पातळी म्हणजे ‘तळ’. गुणगुण म्हणजे वीजपुरवठ्यातून आलेली, ५० किंवा १०० हर्ट्झची, बहुतेक वेळा स्वस्त ॲडॉप्टरची. शिट्टी म्हणजे एका जागी कुणाचा तरी वाहक संकेत (बोलणं नसलेली नुसती लहर) उभा आहे. ती हवेतूनही आली असेल किंवा तुमच्याच संगणकातून. कडकड म्हणजे वीज. मे महिन्याच्या शेवटी घाटावर ढग जमले की शॉर्टवेव्हवर ती दिवसभर असते, आणि तेव्हा सेटिंगला हात न लावता अँटेनाची तार काढून ठेवलेली बरी. फोन करणाऱ्याने ‘आवाज खराब आहे’ म्हणण्याऐवजी यांतला एक शब्द जरी सांगितला, तरी मी खुर्चीवरून न उठता निम्मं निदान करतो.

माझाच अनुभव सांगतो. माझी तार दोन माडांच्या मध्ये बांधलेली आहे, ४० मीटर पट्ट्यासाठी, म्हणजे ७ मेगाहर्ट्झसाठी. संध्याकाळी साडेसातनंतर धबधब्यावर (पडद्यावर संकेत रंगांत दाखवत खाली सरकणारं चित्र, वॉटरफॉल) उभ्या रेघांचं कुंपणच पडायचं, ठरावीक अंतरावर, आणि कानाला फरफर. दोन महिने मी को-ॲक्स (अँटेनाची केबल) बदलला, सांधे उघडून हिरवं चढलेलं तांबं घासलं (खारा वारा सांधे खातोच, ते काम वाया गेलं नाही). फरफर तिथेच. एका रात्री लाईट गेली. रास्पबेरी पाय छोट्या बॅटरीवर होता, लॅपटॉप त्याच्या बॅटरीवर आणि दोघांच्या मधली केबल थेट. पंखा थांबायच्या आधी पडद्यावरचं कुंपण नाहीसं झालं. वरून काळी, स्वच्छ ओळ उतरायला लागली आणि तिच्यात बारीक बारीक ठिणग्यांसारखी बोलणारी माणसं दिसायला लागली. मी अंधारात तसाच बसून राहिलो. लाईट आल्यावर मुख्य पेटीतला एकेक स्विच पाडत गेलो. चौथ्या स्विचला कुंपण गेलं. जिन्यातला एलईडी दिवा, आणि खरं तर त्याच्या आतला ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला वीज पुरवणारा भाग. दिवा बदलला, संपलं.

तेव्हा ‘फरफर’ हा शब्दही पानावर घाला, आणि समोर लिहा : घरातलं काय सुरू आहे ते बघा.

काणकोणहून

मडगावच्या दादांच्या यादीत ‘अडखळणं’ घाला, ते फार महत्त्वाचं आहे. आवाज स्वच्छ आहे, खरखर नाही, पण तुटत तुटत येतो, अर्धा शब्द गायब. लोक लगेच अँटेनाकडे धावतात. अडखळतं ते इंटरनेट, नाहीतर रास्पबेरी पायवर जास्त ऐकणारे आल्यामुळे त्याला दम लागलेला असतो. रेडिओ अडखळत नाही, रेडिओ ओसरतो. शॉर्टवेव्हवर हळूहळू बुडतो, हळूहळू वर येतो, भरती-ओहोटीसारखा. ते आकाशातलं आहे, तिथे कुणाचाच इलाज नाही.

आणि ‘बोबडं’. माणूस बोलतोय हे कळतं पण शब्द लागत नाही, बदकासारखं येतं. तिथे एलएसबी-यूएसबी (संकेताची खालची बाजू ऐकायची की वरची, ते बटण) चुकलेलं असतं किंवा काटा थोडा बाजूला असतो. हॅम मंडळी १० मेगाहर्ट्झच्या खाली एलएसबी वापरतात, वर यूएसबी. काटाच सारखा सरकत असेल तर डोंगलचं पीपीएम (फ्रिक्वेन्सी दहा लाखांत कितीने चुकते तो आकडा) बघा. १४५ मेगाहर्ट्झवर ५० पीपीएमची चूक म्हणजे सव्वासात किलोहर्ट्झ. बोलणारा पार शेजारच्या घरात जाऊन बसतो. तापलेलं डोंगल आणखी सरकतं, म्हणून सुरू केल्यावर थोडा वेळ जाऊ द्या, मग पीपीएम लावा.

‘ट्यून करणं’ला मात्र नवा शब्द शोधू नका. आपण स्टेशन ‘लावतो’. तंबोराही लावतो, पणजीचं १०५.४ एफएम पण लावतो.

पुण्याहून

ही यादी वाचून मी ‘विवर्धन’ मागे घेतो. एक विचारायचं आहे. ‘पोर्ट’ला मराठीत काय म्हणता? एका यंत्रानुवादित पानावर मी ‘८०७३ बंदर उघडा’ असं वाचलं.

पर्वरीहून

बंदर नको. जहाजाचं पोर्ट आणि संगणकाचं पोर्ट इंग्रजीत सारख्याच अक्षरांत लिहितात म्हणून मराठीत एक होत नाहीत. दुसऱ्याचा अर्थ दाराशी आहे, पोर्तुगीजमध्ये दाराला ‘पोर्ता’च म्हणतात. मी ‘पोर्ट ८०७३, म्हणजे राउटरमधलं ते दार’ असं लिहितो. ते दार उघडूनही बाहेरून कुणी येऊ शकत नसेल तर कंपनीने तुम्हाला स्वतंत्र पत्ताच दिलेला नाही, एकाच पत्त्यामागे पुष्कळ घरं आहेत, असं समजा.

धबधबा मी ठेवतोय. नवी ओळ वर येते, जुनी खाली घसरते, दूधसागरासमोर उभं राहिल्यासारखं. फक्त एक सूचना जोडतो : धबधब्याचे रंग बदलले तरी ऐकू येण्यात तसूभर फरक पडत नाही. रंग उजळले की रेडिओ सुधारला असं आमच्या काकांना वाटत होतं आणि ते रोज पट्ट्या ओढत होते.

सगळ्यांचे आभार, देव बरे करो. भाच्याला बसवून पान नव्याने लिहिलं. त्यातल्या चार ओळी इथे देतो, खटकलं तर सांगा.

‘तुम्हाला बारीक ऐकू येत असेल तर तुमच्या फोनवरचा आवाज वाढवा. गेनला हात लावू नका.

गेन म्हणजे गच्चीवरची उचल. ती फक्त ॲडमिनने बदलायची. अँटेना काढून तळ बघावा, मग लावून बघावा. लावल्यावर तळ थोडा वर आला की उचल पुरे झाली, त्यापुढे चढवू नये.

नको तिथे गाणी ऐकू आली तर उचल एक-दोन पायऱ्या खाली आणावी. खरं स्टेशन तेवढंच खाली येईल, भूत त्याच्या कितीतरी जास्त खाली जाईल.

बिघाड कळवताना खरखर, गुणगुण, शिट्टी, फरफर, कडकड, अडखळणं, ओसरणं, बोबडं यांपैकी एक शब्द सांगा, आणि वेळ सांगा.’

दिवाडीहून

छान झालंय. पहिल्या ओळीत ‘फोनवरचा’ऐवजी ‘फोनवरचा किंवा कॉम्प्युटरवरचा’ करा. आमच्याकडे एक आजोबा डेस्कटॉपवर ऐकतात, ते फोन हातात घेऊन बसतील.