चेनसॉच्या तेलटाकीत डिंक झालाय, कसा काढू?

वाडीवाली
श्रीवर्धनजवळ आमची नारळ-सुपारीची वाडी आहे. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात अर्धीअधिक आडवी झाली, तेव्हा घाईघाईत ५८ सीसीचा पेट्रोल चेनसॉ घेतला. पडलेले माड आणि दोन आंबे त्यानेच कापले. मध्येच साखळीचं तेल संपलं. वीज नाही, दुकानं बंद. सासऱ्यांनी घरातलं सोयाबीन तेल ओतून काम भागवलं. नंतर मशीन गेलं माळ्यावर, ते गेल्या आठवड्यात खाली आलं.

नवा प्लग घातल्यावर इंजिन सुरू झालं. पण साखळी कोरडीच फिरते, दोन मिनिटांत साखळी जिच्यावर फिरते त्या पट्टीला हात लावता येत नाही. तेलाच्या टाकीत काडी घातली तर उभीच राहिली. रंग काकवीचा, चिकटपणा फणसाच्या चिकाचा. पेट्रोल भरून दोन दिवस ठेवलं. पेट्रोल जवळपास तसंच बाहेर आलं, चीक आतच. बाजारात विचारलं तर म्हणे नवीन घ्या. खरंच घेऊ का?

चालू द्या
गरम पाण्यात कॉस्टिक सोडा. आमच्या भजीच्या कढया अशाच निघतात.

उलटे आटे
ताई, सोडा अजिबात नको. कढई लोखंडाची असते, मशीनमध्ये ॲल्युमिनियम आहे आणि ते सोडा खातो. थिनरही नको, आतली रबरी नळी फुगून बसेल.

पेट्रोलने का निघालं नाही, तर ते आता तेल राहिलेलंच नाही. तळणीच्या कढईला बाहेरून पिवळा चिकट थर बसतो ना, तेच हे. जवसाचं बेलतेल लाकडावर वाळतं तसं सोयाबीनही हवेने हळूहळू वाळतं. खोबरेल असतं तर थंडीत नुसतं थिजलं असतं, उन्हात ठेवून काम झालं असतं.

आधी टाकीतली नळी आणि तिच्या टोकाचा फिल्टर आकड्याने ओढून काढा. फिल्टर फेकून द्या. टाकीत अर्ध्यापर्यंत डिझेल आणि मूठभर जुने नट टाका, झाकण लावून मशीन उन्हात ठेवा. येता-जाता खुळखुळवा. तीन-चार दिवस तरी लागतील, रोज डिझेल बदला. शेवटी नट मोजून काढा. (मी एकदा मोजले नव्हते.)

खरी गोम साखळीला तेल पोचवणाऱ्या पंपात आहे. तो क्लचच्या मागे बसतो. प्लग काढा, पिस्टन वर येताना सायलेन्सरकडचं भोक झाकलं गेलं की प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सोडा, पिस्टन अडतो. दोरीचं टोक बाहेर राहू द्या. मग क्लच फिरवा, पण घड्याळाच्या दिशेने, कारण आटे उलटे आहेत. नेहमीसारखा सोडवायला जाल तर आणखी घट्ट कराल, आणि मग घण शोधाल. ड्रम आणि वर्म (पंपाला फिरवणारा दातेरी तुकडा) निघाले की पंप दिसेल. वर्म प्लास्टिकचा असला तर दात बघा. पंप जाम असताना मशीन फिरवलंय, दात गेले असण्याची शक्यता जास्त.

पट्टीची खाच हॅकसॉच्या तुटक्या पात्याने खरवडा. तिच्या बुडाशी तेल यायचं बारीक भोक असतं, ते तारेने मोकळं करा. बहुतेक जण हेच विसरतात आणि पंपाला शिव्या देतात.

राईन काठचा
मी जर्मनीत सरपणासाठी लाकूड तोडायला जातो. इथल्या बऱ्याच जंगलांत साखळीला जैविक तेलच लागतं, ते बहुधा मोहरीच्या भाऊबंदाचं. तेही असंच चिकटतं. म्हणून मशीन ठेवून देण्याआधी टाकी रिकामी करून थोडं खनिज तेल भरायचं आणि मिनिटभर चालवायचं. सासऱ्यांचं चुकलं नाही हो. तेल घातलं ते ठीकच, काढायचं राहिलं.

वाडीवाली
उलटे आटे दादा, नट मोजून अकरा टाकले, अकरा काढले. पाचव्या दिवशी डिझेल चहासारखं आलं आणि तळाशी सायीसारखे तुकडे. क्लच निघेना, तेव्हा दीर म्हणाले उलटीकडे फिरव. मी म्हटलं ही उलटीच आहे. मग पान्यावर दोघांनी जोर लावला. वर्मचे तीन दात गुळगुळीत झाले होते, नवा मागवून बसवला.

काल टाकीत ९० नंबरचं गिअर ऑइल भरून पट्टीचं टोक जुन्या पेपरवर धरलं आणि रेस केलं. आधी काहीच नाही. दहा सेकंदांनी पेपरवर बारीक तेलकट रेघ उमटली. सासरे पेपर घेऊन अंगणात दाखवत हिंडताहेत.

एकच शंका. गावात सगळे गाडीचं काढलेलं जळकं ऑइल घालतात. चालेल?

उलटे आटे
चालतं, पण घालू नका. त्यात धातूचा कीस असतो, तुमचा साफ केलेला पंप घासेल. आणि साखळी ते तेल हातातोंडावर उडवते. ९० नंबरच ठेवा.