अनुभव धागा: ग्रामपंचायत, नगरपालिका, झेडपी... मत द्यायला गेलात तेव्हा काय झालं?

डिसेंबर २०२५. बीड जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी नगरपालिकेचं मतदान होतं. आई अडुसष्ट वर्षांची, लोकसभा-विधानसभेचं एकही मतदान तिनं चुकवलेलं नाही. रांगेत ती माझ्या पुढं होती. आत गेली, एक बटण दाबलं आणि पदर सावरत बाहेर निघाली. "आजी, थांबा, अजून दोन राहिलेत," आतल्या मॅडम म्हणाल्या. आई दचकली. काहीतरी गुन्हा घडल्यासारखा तिचा चेहरा झाला. परत आडोशाला गेली, बराच वेळ तिथंच उभी राहिली, शेवटी लांब बीप वाजला. घरी येताना रिक्षात मला दोनदा विचारलं, "मव्हं पहिलं मत वाया गेलं का रे?"

नव्हतं गेलं. नगराध्यक्षाला एक मत, आणि प्रभागातल्या अ आणि ब जागांना एकेक, अशी तीन मतं होती. दोन आठवडे गल्लीत भोंगे फिरत होते, पण ही साधी गोष्ट तिला कुणी सांगितली नाही. मीही नाही. ते मला फार लागलं.

आपल्या मराठवाड्यात विधानसभेचं मतदान सगळ्यांना जमतं. गावच्या निवडणुकीची पद्धत मात्र दर ठिकाणी वेगळी आणि घोळ तिथंच होतात. तुमच्या बाबतीत काय घडलं ते लिहा. चुकलं असेल तर जरूर लिहा, पुढच्याला उपयोग होईल. कोणाला मत दिलं ते लिहू नका.

सिडको, छत्रपती संभाजीनगर

आमच्या महापालिकेची आधीची निवडणूक एप्रिल २०१५ ची. २०२० पासून प्रशासक. त्यामुळं १५ जानेवारी २०२६ ला मी वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी नगरसेवकासाठी पहिल्यांदा मत दिलं. आमचा प्रभाग चार जणांचा, म्हणजे अ, ब, क, ड अशा चार जागा आणि चार मतं. मला त्यातला एकच उमेदवार माहितीचा होता. वाटलं, त्याला देऊ आणि येऊ. तसं नसतं. प्रत्येक जागेला एक बटण दाबावं लागतं, कुणीच पटत नसेल तर त्या जागेपुढचं 'नोटा' दाबायचं. चारही झाल्यावरच तो लांब आवाज येतो. एकाच जागेला दोन मतं देता येत नाहीत, आणि एका जागेचं उरलेलं मत दुसरीकडं वापरता येत नाही.

दुसरी गोष्ट. एकाच फ्लॅटमध्ये राहून माझं नाव एका प्रभागात आणि नवऱ्याचं शेजारच्या. केंद्र दोन किलोमीटर लांब. ही गोष्ट आम्हाला मतदानाच्या आदल्या रात्री कळली.

धागाकर्ता

ताई, यासाठीच प्रारूप यादी, म्हणजे हरकतींसाठी आधी लावलेली कच्ची यादी, बघायची असते. राज्य निवडणूक आयोग स्वतःची वेगळी यादी करत नाही, विधानसभेचीच यादी घेऊन ती प्रभागांत फोडतो. या निवडणुकीला १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. फोडताना नाव भलत्या प्रभागात पडलं तर प्रारूप यादीवर हरकत घेता येते. पण विधानसभेच्या यादीत नावच नसेल तर तेव्हा ते नव्यानं घालून मिळत नाही.

धारूर तालुका

माझे आई-वडील ऊस तोडायला जातात. दिवाळी झाली की टोळी निघते, ती उन्हाळा लागला की येते. आणि आमच्याकडच्या निवडणुका बरोबर त्यातच लागतात. २०२२ च्या डिसेंबरात ग्रामपंचायत होती, सरपंच थेट जनतेतून. वडील कर्नाटकातल्या कारखान्यावर. तिथून मत पाठवायची काही सोय नाही, माणसानं स्वतः गावात यावं लागतं.

उमेदवारांनी जीप पाठवल्या होत्या. रात्री कोयता ठेवायचा, जीपमध्ये बसायचं, सकाळी मत द्यायचं, संध्याकाळी परत फडात. वडील त्या गाडीत बसले नाहीत. म्हणाले, "गाडीत बसलं की मत गाडीवाल्याचं व्हतंय." आई आणि ते एसटीनं आले, तीन गाड्या बदलून. दोन दिवसांचं काम बुडलं, मुकादमाची उचल अंगावर होतीच. आई केंद्रातून बाहेर आली तेव्हा तिच्या बोटावरची शाई उसाच्या पाचटानं चिरलेल्या भेगेत उतरली होती. हात धुतला तरी ती रेघ तशीच निळी-काळी दिसायची.

आमच्यासारख्या घरांसाठी मतदानाची तारीख ठरवताना कुणी विचार करावा, एवढंच माझं मागणं आहे. बीड जिल्ह्यात अशी गावंच्या गावं डिसेंबरात रिकामी असतात.

परभणी जिल्हा

मी गेलो तर यादीत माझ्या नावापुढं आधीच खूण. "तुमचं मत झालंय," म्हणाले. मी बोट दाखवलं, कोरं. भांडायला लागलो, मागची रांग ओरडायली. शेजारच्या गुरुजींनी सांगितलं, भांडू नका, केंद्राध्यक्षांना 'प्रदत्त मत' मागा. त्यांनी चार प्रश्न विचारले, आधार कार्ड बघितलं, सही घेतली आणि छापील मतपत्रिका दिली. शिक्का मारून दिलेली ती पत्रिका वेगळ्या लिफाफ्यात गेली. यंत्रावर मत मिळत नाही आणि साध्या मोजणीत हे मत धरत नाहीत. तरी माझ्या नावावर दुसऱ्यानं मत दिलं याची कागदावर नोंद झाली. मी तसाच घरी आलो असतो तर तेवढीही झाली नसती.

नांदेड, जिल्हा परिषद शिक्षिका

मी पाच-सहा निवडणुकांना ड्युटी केली आहे. आमच्या बाजूनं थोडं सांगते.

म्हाताऱ्या बायका आडोशातून विचारतात, "बाई, कुठं दाबू?" आम्हाला आत येता येत नाही. पण आत जायच्या आधी विचारलंत तर नमुन्याच्या पुठ्ठ्यावर पद्धत समजावता येते. लाजू नका, विचारा. ग्रामपंचायतीत सरपंचाची पत्रिका फिकट निळी असते. सदस्यांच्या पत्रिकेचा रंग जागेच्या आरक्षणाप्रमाणे: सर्वसाधारण पांढरी, अनुसूचित जाती फिकट गुलाबी, अनुसूचित जमाती फिकट हिरवी, ओबीसी फिकट पिवळी. रंग लक्षात ठेवला तर आपलं कुठलं मत राहिलं ते लगेच कळतं.

ज्यांना दिसत नाही किंवा हात चालत नाही, त्यांना अठरा वर्षांवरचा सोबती नेता येतो. त्या सोबत्याला लिहून द्यावं लागतं, आणि एक माणूस एकाच मतदाराचा सोबती होऊ शकतो. गावात एकच कार्यकर्ता दहा आजोबांना धरून आणतो तेव्हा मला ठाम नाही म्हणावं लागतं. वाईटपणा येतो, पण तो मी घेते.

वेळ साडेसात ते साडेपाच. साडेपाचला रांगेत उभं असलेल्या प्रत्येकाला चिठ्ठी मिळते. ती शेवटच्या माणसापासून वाटत पुढं यायची असते, म्हणजे मागून कुणी घुसत नाही. "टाइम संपला" असं बाहेरचा कोणी म्हणाला म्हणून रांग सोडू नका.

औसा तालुका, लातूर

थोडक्यात. झेडपीला दोन मतं असतात, एक गटाचं, एक गणाचं. गट म्हणजे जिल्हा परिषद, गण म्हणजे पंचायत समिती. माझ्या काकांना वाटलं दोन्हीला एकच माणूस उभा आहे.

धाराशिव

आमचा मुद्दा जरा वेगळा, पण इथंच लिहितो. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांचा मिळून एक पदवीधर मतदारसंघ आहे. १ डिसेंबर २०२० ला त्याचं मतदान झालं. तिथं यंत्र नसतं. केंद्रावर मिळतो तोच जांभळ्या शाईचा पेन घ्यायचा आणि उमेदवारापुढं १, २, ३ असा पसंतीक्रम आकड्यात लिहायचा. १ लिहिणं सक्तीचं, पुढचे आकडे तुमच्या मर्जीवर. माझा मित्र इंजिनीअर. त्यानं सवयीनं बरोबरची खूण केली. मत बाद. बाहेर आल्यावर स्वतःच सांगितलं आणि मग गप्पच झाला.

याची यादी वेगळी, आणि दर निवडणुकीला नव्यानं करतात. मागच्या वेळी नाव होतं म्हणून आत्ता असेलच असं नाही. फॉर्म १८ परत भरावा लागतो.

जिंतूर तालुका

माझं लग्न होऊन तीन वर्षं झाली. नाव माहेरीच राहिलं. सासरी ग्रामपंचायतीची निवडणूक लागली, घरातले सगळे मत द्यायला गेले आणि मी ओसरीवर बसून राहिले. माहेरी जायचं म्हटलं तर लेकरू लहान. माझ्या दारापुढच्या नळाचा, रस्त्याचा निर्णय करणारी माणसं निवडली जात होती आणि त्यात मी कुठंच नव्हते.

निवडणूक लागल्यावर धावपळ केली होती, तेव्हा उशीर झाला होता. आता आमच्या गावच्या अंगणवाडी ताई बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या आहेत, त्यांच्याकडं फॉर्म ८ भरला. पत्ता बदलायला तोच लागतो, नव्या नावाचा फॉर्म ६ नाही. तो भरला असता तर नाव दोन ठिकाणी झालं असतं. मागच्या महिन्यात यादी लागली, सासूबाईंनी मोबाईलवर बघून मला स्वयंपाकघरात येऊन दाखवली. त्यांच्या नावाखाली माझं नाव आहे. फोटो लग्नाआधीचा आहे, असू दे.

माझ्याबरोबर गल्लीतल्या आणखी चौघींचे फॉर्म दिलेत. दोघींचे अजून यायचेत.