इन्सुलिन टोचण्याच्या जागी त्वचेखाली आलेल्या गाठी

प्रश्न:
गेली सहा वर्षे मी दिवसातून दोनदा पोटावर इन्सुलिन घेतो. बेंबीच्या उजवीकडे, जिथे हात सहज पोहोचतो तिथे, त्वचेखाली रबरासारखे लागणारे दोन उंचवटे आले आहेत. ते दुखत नाहीत. उलट तिथे सुई टोचलेली जाणवतही नाही, त्यामुळे मी नकळत तीच जागा निवडतो. अलीकडे मात्र आहार आणि मात्रा तीच असूनही साखर कधी फार वाढते, तर कधी एकाएकी उतरते. याचा त्या गाठींशी संबंध असू शकतो का?

प्रतिसाद १:
संबंध असण्याची शक्यता बरीच आहे. इन्सुलिनमुळे चरबीच्या पेशी वाढतात, आणि त्याच जागी वारंवार टोचल्यास किंवा एकच सुई पुन्हा पुन्हा वापरल्यास अशा गाठी होतात. त्यांना लिपोहायपरट्रॉफी म्हणतात. गाठीतून इन्सुलिन रक्तात कधी सावकाश, तर कधी अनपेक्षितपणे जाते. तिथे टोचणे थांबवले की गाठी हळूहळू मऊ होतात, पण त्याला काही महिने लागू शकतात. पोट, मांड्या आणि नितंब यांवर जागा आलटून पालटून घ्याव्यात, दोन टोचण्यांत किमान एक सेंटिमीटर अंतर ठेवावे आणि प्रत्येक वेळी नवी सुई वापरावी.

प्रतिसाद २:
वरील सल्ला योग्य आहे, पण कृपया आजच जागा बदलून तीच मात्रा घेऊ नका. मी डॉक्टरांना न विचारता तसे केले आणि त्याच रात्री घामाने भिजून, थरथरत जागा झालो. साखर ५२ पर्यंत उतरली होती. निरोगी त्वचेखालून इन्सुलिन पूर्ण शोषले जाते, त्यामुळे गाठीमुळे वाढवत नेलेली मात्रा तिथे जास्त ठरते. ती किती कमी करायची हे डॉक्टरांनीच ठरवावे. पहिले काही दिवस साखर अधिक वेळा तपासा आणि उशाशी ग्लुकोज ठेवा.

प्रश्नकर्ता:
मात्रेचा हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. डॉक्टरांना गाठी दाखवूनच जागा बदलतो. माझ्या बहिणीला आठवड्यातून एकदा घ्यायच्या एक्झेनाटाइडच्या (मधुमेहावरील, इन्सुलिनपेक्षा वेगळ्या औषधाच्या) इंजेक्शननंतर वाटाण्याएवढ्या गाठी येतात. त्याही याच प्रकारच्या आहेत का?

प्रतिसाद १:
नाही. त्या औषधाचे सूक्ष्म कण त्वचेखाली राहून सावकाश विरघळतात, आणि त्यांच्याभोवती येणाऱ्या छोट्या गाठी बहुधा काही आठवड्यांत आपोआप जिरतात. मात्र गाठ लाल, गरम वा दुखरी झाली, तिच्यातून पू आला किंवा ताप भरला, तर त्यांनी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.