मुलींना मुलांच्या स्काउट पथकात घ्यावं का?

स्काउट मास्तर, खानापूर तालुका

आमच्या कर्नाटकातल्या बेळगाव भागात मुलींना मुलांच्याच स्काउट पथकात घ्यावं, या मताचा मी आहे. वेगळ्या गाईड पथकाची, म्हणजे मुलींच्या पथकाची, वाट बघण्यात त्यांचं शिकायचं वय निघून जातं.

मी शिक्षक नाही. गावातलं खुलं, म्हणजे कुठल्या शाळेचं नसलेलं, पथक चालवतो, रविवारी सकाळी शाळेच्या पटांगणावर. भारत स्काउट्स आणि गाईड्समध्ये मुलांचा विभाग वेगळा, मुलींचा वेगळा. गाईड पथकाला कॅप्टन म्हणून बाईच लागते, तीही पथक चालवण्याचा बेसिक कोर्स केलेली. नियम चांगल्या हेतूनं केलाय. पण जांबोटी, कणकुंबी, गुंजी या पट्ट्यातल्या मराठी शाळांत जाऊन बघा. बाई बेळगावहून येतात आणि शाळा सुटली की मिळेल ती बस धरून परत जातात. रविवारी परत या, डिसेंबरात दोन रात्री तंबूत राहा, असं त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं? त्यांच्याही घरी मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत. मग गाईड पथक निघतच नाही. निघालं तर २६ जानेवारीच्या संचलनापुरतं. एकाच घरातला भाऊ लाठ्यांची तिपाई बांधायला शिकतो आणि बहीण कट्ट्यावर बसून त्याची पाण्याची बाटली सांभाळते. हे मला दर रविवारी दिसतं आणि मनाला लागतं.

"स्काउटिंग मुळात मुलांचंच," असं मला ऐकवलं जातं. १९०७ मध्ये ही चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलनं इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं ते मुलांचं, कबूल. पण दोनच वर्षांनी, १९०९ च्या लंडनमधल्या क्रिस्टल पॅलेसच्या मेळाव्यात मुली आपणहून स्काउट बनून हजर झाल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ब्रिटनच्या स्काउट संघटनेनं १९७६ मध्ये मोठ्या वयोगटात मुली घेतल्या, १९९१ मध्ये सगळ्या वयोगटांत मुभा दिली आणि २००७ पासून ते सर्व पथकांना बंधनकारक केलं. अमेरिकेतली मुलांची संघटना १९१० पासूनची. तिनं २०१८ मध्ये लहान कब गटात आणि फेब्रुवारी २०१९ पासून ११ ते १७ वयोगटात मुलींना घेतलं. २०२१ मध्ये तिथल्या मुलींच्या पहिल्या तुकडीला ईगल स्काउट हा सर्वोच्च किताब मिळाला. निकष मुलांचेच होते.

माझं म्हणणं असं: पथक एक, पण आतले संघ वेगळे. सहा ते आठ मुलींचा संघ, त्यांची संघनायक त्यांनीच निवडायची. मुक्कामी शिबिराला एक जबाबदार बाई असलीच पाहिजे. ती नसेल त्या दिवशी मुक्काम रद्द, मुलांचासुद्धा.

आणखी एक. मुली आल्या की मुलं शिस्तीत वागतात, म्हणून त्यांना घ्या, असं काही जण सुचवतात. ते मला मान्य नाही. मुलांना शिस्त लावणं माझं काम आहे, मुलींचं नाही.

निवृत्त शिक्षिका व गाईड कॅप्टन, शहापूर

सर, तुमच्या तळमळीबद्दल शंका नाही. पण मी पूर्ण विरोधात आहे.

एकत्र मेळाव्यांत मी आयुष्य घालवलंय. मुलं-मुली एकत्र आली की काय होतं ते सांगते. कुऱ्हाड, दोरखंड, लाठ्या मुलांच्या हातात जातात. मुलींकडे येते चूल, रांगोळी आणि पाहुण्यांचं औक्षण. कुणी हुकूम देत नाही, आपोआप घडतं. मुली स्वतःच बाजूला सरतात, कारण घरी तेच बघितलेलं असतं. त्याच मुलींचं स्वतंत्र पथक असेल तर मनोरा बांधायला दुसरं कुणी नसतंच. वर चढायचं तर तिनंच, गाठ सुटली तर परत बांधायची तिनंच.

लांब कशाला, आपल्या कित्तूरला बघा. राणी चन्नम्मांच्या नावाची मुलींची सैनिकी निवासी शाळा १९६९ पासून आहे. घोडेस्वारी, कवायत सगळं मुलीच करतात. तिथं मुलगे असते तर पहिल्या दिवसापासून घोड्यावर कोण बसलं असतं?

आणि क्रिस्टल पॅलेसची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितलीत. त्या मुलींसाठी १९१० मध्ये गाईड चळवळ निघाली आणि तिची सूत्रं बेडन-पॉवेल यांची बहीण ॲग्नेस हिच्याकडे आली. आपल्याकडे ७ नोव्हेंबर १९५० ला भारत स्काउट्स आणि गाईड्स स्थापन झाली, पुढच्या १५ ऑगस्टला गर्ल गाईड्सची अखिल भारतीय संघटना तिच्यात आली. आली ती आपला विभाग आणि आपल्या कॅप्टन घेऊनच. बायकांनी राखलेली ही जागा आहे. शिक्षिका मिळत नाहीत म्हणून ती सोडून द्यायची?

शेवटचा मुद्दा, तो सगळ्यांत महत्त्वाचा. नोंद कुठे करणार? तुमच्या पथकात मुलगी दहा गाठी शिकेल, पण तिच्या प्रथम सोपान, द्वितीय सोपान या परीक्षांच्या टप्प्यांवर सही कुणाची? राज्य पुरस्काराला नाव कुणी पाठवायचं? रेल्वेत स्काउट-गाईड कोट्यातून भरती होते, त्याला राष्ट्रपती पुरस्कार किंवा पथकप्रमुखांच्या वरच्या प्रशिक्षणाचा हिमालय वुड बॅज लागतो. लोंढा गावच्या मुलाला ते दार उघडं आणि तुमच्याकडे राबलेल्या मुलीला बंद, असं होईल.

एक पालक, निपाणी

सर, मी साधा तंबाखूच्या वखारीत काम करणारा माणूस. पोरगी आठवीत हाय. दिवसाचं शिकवा, पळवा, झाडावर चढवा, माझी ना नाही. खरं रात्रीचं मुक्कामाचं नको. मास्तर चांगले असतील की ओ, शंभर टक्के चांगले असतील. पण उद्या गावात कुणी एक शब्द बोललं तर तो पोरीच्या माथी बसतो, मास्तरांच्या नाही. तिचं लग्न ठरवताना लोक ते काढतात. शहरातल्यांना हे पटणार नाही, आम्हाला यातनंच जायचं असतं.

आणि शौचालय कुठं असतं तुमच्या शिबिरात? पोरांना चालतं, पोरींना चालत नाही. महिन्यातले ते दिवस असले तर काय करायचं? याचं उत्तर आधी पाहिजे.

स्काउट मास्तर, खानापूर तालुका

दादा, शौचालयाचा प्रश्न तुम्ही काढलात ते बरं झालं. शाळेची चालू शौचालयं, पाणी आणि दाराला कडी असल्याशिवाय मुलींचा मुक्काम नाही, हे मीही मानतो. म्हणून रानातला तळ नको, शाळेच्या आवारात तंबू ठोकायचे. पॅड, औषधं, झाकणाची कचरापेटी यांची व्यवस्था सोबतच्या बाईंकडे.

बाई, चूल आणि रांगोळीचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. त्यावर उपाय पथकाच्या नेमणुकीत आहे. स्वयंपाक, लाकूडफाटा, पाणी, झेंडा ही कामं संघांना पाळीनं द्यायची आणि पाळी बदलू द्यायची नाही. आमची मुलं भाकरी भाजतात. सुरुवातीला करपतात, मग जमतात. अमेरिकेतसुद्धा मुलामुलींची सरमिसळ केली नव्हती, मुलींची पथकं वेगळी उभी केली. नाव, अभ्यासक्रम, पुरस्कार मात्र तेच. मुली असतील तिथं २१ वर्षांवरची नोंदणीकृत बाई हजर हवी, असा त्यांचा नियम.

नोंदीच्या प्रश्नावर म्हणाल तर नियमच बदलायला हवा. बाई मिळाली नाही म्हणून मुलीचं नाव कुठल्याच वहीत चढत नाही, हे योग्य कसं?

परिचारिका, येळ्ळूर

मी माजी विद्यार्थिनी म्हणून लिहिते. आमच्या शाळेत गाईड पथक होतं. निळा गणवेश होता, स्कार्फला लावायचं वॉगल होतं, सगळं होतं. स्वातंत्र्यदिन, प्रजासत्ताक दिन, मंत्र्यांचं स्वागत, एवढ्याला आम्ही उभ्या. रीफ नॉट आणि क्लोव्ह हिच या गाठी मी नर्सिंग कॉलेजला आल्यावर एका मुलाकडून शिकले. त्रिकोणी पट्टी बांधायला तीच रीफ नॉट लागते, म्हणून विचारलं.

बाई, तुमच्या हाताखालच्या मुली नशीबवान. पण "स्वतंत्र पथक" म्हणताना तुम्ही तुमचं पथक डोळ्यांसमोर आणता. आमच्यासारखी पथकं जास्त असतात. राजहंसगडावर मुलांची हाइक गेली तेव्हा आम्हाला सांगितलं, पुढच्या वर्षी. गड आमच्या गावचा. मुलींना जबाबदार बाई नाही म्हणून घरी ठेवलं, आणि पुढच्या वर्षी आम्ही दहावीत.

मला सरांचं पटतं. अर्धं मिळालं तरी घ्यावं.

माजी स्काउट, जांबोटी

सगळे मुलींचं बोलताहेत, मुलांचं कुणी बोलेना.

आमच्या भागातले निम्मे बाप गोव्याला कामाला. कुणी हॉटेलात, कुणी बांधकामावर. गणपतीला आणि शिमग्याला घरी येतात. बारा-तेरा वर्षांच्या पोराला घरात आई, आजी, शाळेत बाई. मोठ्या पुरुषमाणसानं शेजारी बसून कोयता कसा धरायचा, राग आला तर काय करायचं, हे सांगणारी जागा म्हणजे ते पथक होतं. मी तिथं रडलोय. शेकोटी विझत आल्यावर मुलं जे बोलतात ते मुली शेजारी असत्या तर बोलली नसती. या वयात मुलगी समोर आली की मुलगा एक तर फुशारकी मारतो, नाहीतर गप्प होतो.

मुलींना द्या, सगळं द्या. पण मुलांची ती एक जागा मोडून नको. सर, तुमच्याकडे वेळ मोजकाच आहे. मुलींचे दोन संघ वाढले की तुमचं लक्ष विभागणार, आणि जो पोरगा काही न बोलता कोपऱ्यात बसतो तो तुम्हाला दिसणार नाही.

स्काउट मास्तर, खानापूर तालुका

जांबोटीच्या भावा, तुझ्या बोलण्यानं मी थांबलो. मुलांना अशी जागा हवी, यात वाद नाही. म्हणून संघ वेगळे म्हणतो. संघाची बैठक संघापुरतीच राहील, शेकोटीनंतरचं बोलणंही. एकत्र काय, तर झेंडा, कवायत, गाठी, प्रथमोपचार, नकाशावाचन, हाइक.

पण लक्ष विभागलं जाईल म्हणून मुलींना नको, हे मला पटत नाही. बाप गोव्याला गेला तेव्हा घरातल्या मुलीचाही बाप गेला. म्हशी, पाणी, धाकटी भावंडं तिच्यावर आली. तिच्याशी कोण बोलतं?

निवृत्त शिक्षिका व गाईड कॅप्टन, शहापूर

येळ्ळूरच्या मुली, तुझं वाचून वाईट वाटलं. संचलनापुरतं पथक हा गुन्हाच आहे, आणि त्याचा दोष शाळा चालवणाऱ्यांचा. म्हणून मुलींना मुलांच्या पथकात ढकलायचं, हे मला तरीही मान्य नाही. "अर्धं मिळालं तरी घ्यावं" असं मुलींनीच का म्हणायचं? ब्रिटनमध्ये स्काउटची दारं उघडली, तरी तिथल्या गाईड्सनी आपली संघटना मुलींचीच ठेवली. अमेरिकेतल्या गर्ल स्काउट्स, म्हणजे तिथली मुलींची वेगळी संघटना, तर मुलांच्या संघटनेनं मुली घ्यायचं ठरवल्यावर कोर्टात गेल्या. त्या बायका मागासलेल्या नाहीत.

सर, एक विचारते. पथकाचा निर्णय संघनायकांची सभा, म्हणजे कोर्ट ऑफ ऑनर, घेते. तुमच्याकडे मुलांचे चार संघ, मुलींचा एक. हाइक कुठं न्यायची यावर मत घेतलं तर चाराला एक. त्या एकटीनं किती वेळा हरायचं?

स्काउट मास्तर, खानापूर तालुका

मुलींशी संबंधित कोणत्याही निर्णयाला तिची संमती लागेल, असं पहिल्याच बैठकीत ठरवू. चार मुलांनी मिळूनही ते डावलायचं नाही.

निवृत्त शिक्षिका व गाईड कॅप्टन, शहापूर

तुम्ही पटांगणावर आहात तोवर ते चालेल. तुमच्यानंतर येणारा मास्तर पाळेलच असं नाही. स्वतंत्र पथकात हा प्रश्नच येत नाही.

परिचारिका, येळ्ळूर

बाई, मी शिक्षिका नाही. आठवड्याची सुट्टी रविवारी मागून घेता येईल. मला कॅप्टनचा बेसिक कोर्स करता येतो का? आणि कोर्स कन्नडमधून असतो ना? मला बोलता येतं, लिहिताना अडखळते.

एक पालक, निपाणी

ही ताई मुक्कामाला असली तर माझी पोरगी रात्रीलासुद्धा येईल. लिहून देतो.

निवृत्त शिक्षिका व गाईड कॅप्टन, शहापूर

येतो की. शाळेतल्या पथकाला शाळेची शिक्षिका सोयीची पडते, पण खुल्या पथकाला शिक्षिकाच पाहिजे असं नाही. अंगणवाडी सेविका, आशा ताई, महिला संघातल्या बायका, कुणीही कोर्स करू शकतं. आठवडाभर राहायचं, पहाटे उठायचं, तंबू ठोकायचा, रात्री दैनंदिनी लिहायची. कन्नड बोलता येतं ना, मग निभेल. मराठी शाळांतल्या कितीतरी जणींचं निभलंय. दैनंदिनी तपासायला मी बसेन तुझ्याबरोबर.

सर, तोपर्यंत तुमच्या मुलींना गाठी शिकवायला माझी हरकत नाही. पण नोंद करायची ती गाईड म्हणूनच, हिच्या नावानं. स्काउट पथकात नाही.

स्काउट मास्तर, खानापूर तालुका

नोंद तुमच्या म्हणण्याप्रमाणे करतो, कारण पोरींचे सोपान अडता कामा नयेत. नियम बदलावा हे माझं मत मात्र कायम आहे, आणि जिल्ह्याच्या बैठकीत ते मी मांडणार. सगळ्याच गावांना येळ्ळूरची ताई मिळणार नाही.