मदत हवी आहे: डीटीआयसाठी घरी केलेला फँटम, एफए जवळजवळ शून्य येतोय

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातनं लिहितोय. एमटेकचं प्रोजेक्ट आहे, ट्रॅक्टोग्राफीचा कोड तपासायचाय, म्हणजे पाणी कुठल्या दिशेनं सरकतं ते एमआरआयनं मोजून (हेच डीटीआय) मेंदूतल्या तंतूंची वाट काढणारा. आता खऱ्या मेंदूत कुठला तंतू कुठनं कुठं गेलाय हे कोण सांगणार, म्हणून उत्तर आधीच ठाऊक असलेली चाचणीची वस्तू, म्हणजे फँटम पाहिजे. विकतचा फँटम परवडत नाही, मग रंकाळ्यावर गळ टाकतात ती तंगूसची दोरी आणली, ०.३ मिमीची, दोन जुडग्या ६० अंशात एकमेकींवरनं नेल्या आणि लोणच्याच्या प्लॅस्टिक बरणीत डिस्टिल्ड पाण्यात बुडवल्या. ओळखीनं रविवारी १.५ टेस्लाच्या एमआरआय मशीनवर तासभर मिळाला (टेक्निशियन म्हणे, लोणचं स्कॅन करणार काय?). बी व्हॅल्यू (पाण्याचं सरकणं स्कॅनमधे किती ठळक दिसावं त्याचं सेटिंग) १०००, ३० दिशांनी मोजलं.

एफए (पाण्याचं सरकणं किती एकाच दिशेनं होतं तो ० ते १ मधला आकडा) नुसत्या पाण्यात ०.०४ आणि दोऱ्यांत ०.०६! वर मधे मधे काळे ठिपके. आणि पाण्याचा एडीसी (पाणी किती वेगानं पसरतं तो आकडा, १०⁻³ मिमी²/सेकंदात) २.३ आला, पुस्तकात २.० दिलाय. मशीन गंडलंय का माझं गणित?

सूतवाला: गणित बरोबर हाय भावा, दोरी जाड हाय. मोजणीच्या ५० एक मिलिसेकंदात पाण्याचा कण सरकतो साधारण १४ मायक्रॉन, तुझी दोरी ३०० मायक्रॉनची, मधल्या फटीच एवढ्या मोठ्या की बहुतेक कण भिंतीला शिवतच नाहीत, मग दिशा कुठनं कळणार? १५-२० मायक्रॉनचे तंतू पाहिजेत, डायनीमा (बारीक पॉलिथिलीनचे तंतू) त्याचसाठी वापरतात. इचलकरंजी शेजारी असताना गळाची दोरी कसली आणतोस! पॉलिस्टर मल्टिफिलामेंट (अनेक बारीक तंतूंच्या) सुताचं रीळ घे, पण बिनपिळाचं, पीळ असला की तंतू तिरके पडतात. सायझिंग झालेलं सूत नको, खळ पाण्यात सुटते. जुडगी श्रिंक स्लीव्हमधे (गरम केली की आवळणारी नळी) घालून घट्ट आवळ.

एक्सरेताई: काळे ठिपके म्हणजे बुडबुडे. पाणी उकळून गार कर, सूत साबणानं धुऊन घे, तेलकट असतं ते, आणि जुडगी पाण्याखालीच बांध, बाहेर बांधून बुडवलीस की हवा आत अडकलीच. एडीसीचं म्हणशील तर २.० हा २० डिग्रीचा आकडा, २५ ला २.३ च येतो. थर्मामीटर ठेवलावतास का?

धागाकर्ता: नव्हता ओ ताई 🤦

एक्सरेताई: मग पुढच्या वेळी बरणीभोवती बर्फाचा चुरा आणि पाणी भर, तासभर थांब. शून्य डिग्रीला १.१ आला तर मशीनवर शंका नको.

धागाकर्ता: दोघांनाही धन्यवाद, शनिवारी इचलकरंजी गाठतो. एक शंका, उसाचं कांडं चालेल का? शेत घरचंच आहे.

सूतवाला: ॲस्परॅगसचे कोंब घातलेत लोकांनी स्कॅनरमधे, पण उसात साखर, त्यानं पाणी मंदावतं, किती ते प्रत्येक कांड्याला वेगळं, आणि पेऱ्याला आतले तंतू कुठं वळतात ते तुला तरी माहीत हाय का? रस काढून पी.